खिडकीजवळचं मशीन

"हे खडूनं आखलंय ते काय, काका?" पतपेढीच्या मॅडमनी विचारलं.

"तिथं नवीन मशीन बसणार, मॅडम," पेंटर म्हणाला. "दहा फुटी. तुमच्या कृपेनं कर्ज मंजूर झालं की."

मॅडम त्या चौकोनाच्या कडेकडेनं चालत गेल्या आणि वहीत दोन ओळी लिहिल्या. वयानं पेंटरच्या मुलीएवढ्या असतील, पण कर्ज देण्याआधी दुकान बघायला येणाऱ्या माणसाला वय नसतं. पेंटरनं सकाळपासून दुकान झाडून-पुसून लख्ख केलं होतं, बायकोला नवी साडी नेसायला लावली होती आणि स्वतः इस्त्रीचा शर्ट घालून लग्नात मुलीचा बाप उभा राहतो तसा उभा होता. मागं त्याच्या जुन्या छपाईच्या मशीनचं डोकं एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकत कुणाच्या तरी हॉटेलची पाटी छापत होतं.

पेंटर हे त्याचं नाव नव्हे, धंदा. तोही आता राहिला नव्हता. ब्रश हातात धरून सात-आठ वर्षं झाली होती. पाट्या आता मशीन छापायचं आणि हा नुसता बटण दाबायचा. पण एकदा अंगाला चिकटलेलं नाव रॉकेलनं घासूनही निघत नाही. गल्लीतली पोरंटोरंसुद्धा त्याला पेंटरच म्हणत आणि तोही ओ द्यायचा.

मॅडमनी मशीन बघितलं, विजेची बिलं बघितली, गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी बघितल्या. सगळं पसंत पडलेलं दिसत होतं. उद्या अकरा वाजता कमिटीची बैठक आहे, तुमची फाईल त्यातच ठेवते, असं त्या म्हणाल्या आणि पेंटरच्या बायकोनं आणलेला चहा त्यांनी उभ्याउभ्याच घेतला. पेंटरचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात कप खाली ठेवता ठेवता त्यांना काहीतरी आठवलं.

"काका, पूर्वी आमच्या तारण मशिनांवरची अक्षरं तुम्हीच रंगवायचात ना?"

"हो. अकरा वर्षं."

"मग एक विचारू? गंजी गल्लीच्या टोकाला एक खोकीवाल्या बाई आहेत. पुठ्ठ्याची खोकी करतात. त्यांचा अर्जही उद्याच आहे, एका लहानशा मशीनसाठी. पण जुन्या फाईलवर शेरा आहे. अक्षरं दुसऱ्याच मशीनवर लिहून घेतली आणि पतपेढीची फसवणूक केली, असा. नऊ वर्षं झाली त्याला. तसा शेरा असला की अर्ज कमिटीपुढे जातो तो परत फिरण्यासाठीच. पण मी जाऊन आले तर बाई मला सरळ वाटल्या. तुम्हाला काही आठवतंय का?"

मशीनचं डोकं सरकत एका टोकाला गेलं, थांबलं आणि परत फिरलं.

"नाही बुवा आठवत," पेंटर म्हणाला. "रोज दहा-दहा मशिनं रंगवायचो, मॅडम."

वाक्य कसं तयारच होतं. नऊ वर्षं जिभेखाली ठेवलेलं, जसंच्या तसं. मॅडमनी मान हलवली, वही मिटली आणि काही आठवलंच तर आज पाचपर्यंत ऑफिसात आहे, एवढं सांगून त्या गेल्या. पेंटर दारातच उभा राहिला. त्याला वाटलं, हे आपण बोललो ते आत्ता नव्हे, आणि या बाईंशी नव्हे.

आठवत नसायला काय झालं होतं? त्याला त्या दिवशीची हवासुद्धा आठवत होती.

पतपेढीचा नियम असा होता की, कर्जावर घेतलेल्या मशीनवर तिचं नाव, कर्जाचा नंबर आणि 'तारण' हा शब्द रंगवायचा. म्हणजे कर्जदारानं मशीन परस्पर विकायला काढलं तर घेणाऱ्याला दुरूनच दिसावं. नवीन मशीन दुकानात आलं की माणसं हरखून जायची, हात फिरवून बघायची. दुसऱ्या दिवशी पेंटर रंगाचा डबा घेऊन दारात उभा राहिला की तो आनंद जरा खाली बसायचा. पेंटरला त्याची सवय झाली होती. डॉक्टर सुई टोचतो म्हणून काही वाईट नसतो, असं तो हसून सांगायचा आणि पांढऱ्या पट्टीवर लालभडक, टपोरी अक्षरं काढायचा. पोटाचा उद्योग होता आणि हात देवानं चांगला दिला होता.

खोकीवाल्या बाईंच्या खोलीत हिरव्या रंगाची दोन मशिनं होती. एक खिडकीजवळ, एक भिंतीजवळ. पुठ्ठा कापायचा आणि त्यावर घडीच्या रेघा दाबायच्या, एवढंच त्यांचं काम. खिडकीजवळचं बाईंच्या वडिलांचं. त्यांनी आयुष्यभर त्याच्यावर खोकी काढली आणि जाताना लेकीच्या हवाली केलं. भिंतीजवळचं बाईंनी पतपेढीच्या कर्जातून, त्याच कंपनीचं, जुन्या बाजारातून हुडकून आणलेलं. बुटाच्या कारखान्याचं काम मिळालं होतं, एका मशीनवर भागत नव्हतं. नव्या मशीनवर हात ठेवून बाई म्हणाल्या होत्या की, आता बघा, वर्षभरात चार बायका कामाला ठेवते.

त्या दिवशी वडिलांच्या मशीनचा पट्टा तुटला होता म्हणून ते बंद होतं, आणि नवीन मशीन धाड-धाड चाललं होतं. संध्याकाळी सहाशे खोकी कारखान्यात पोचवायची होती. अक्षरं काढायची म्हणजे मशीन थांबवायला हवं, आणि रंग सुकेपर्यंत पुठ्ठ्याची भुकटी उडता कामा नये. चार-पाच तास गेलेच. बाईंनी घाम पुसत विचारलं की, पेंटर, आजच्या दिवस या बंद मशीनवर लिहिलं तर नाही का चालणार, दोन्ही सारखीच तर दिसतात. पेंटरनं विचार केला. त्या दिवशी त्याला आणखी तीन ठिकाणी जायचं होतं. परत यायचं म्हणजे खेप वाया. तो म्हणाला, चालतंय की, आठ दिवसांनी येऊन पुसतो आणि त्याच्यावर काढून देतो.

आणि त्यानं वडिलांच्या मशीनवर पांढरी पट्टी मारली आणि 'तारण' लिहिलं. सुरेख लिहिलं. बाईंनी काम न थांबवता मान वळवून बघितलं आणि अक्षर छान आहे म्हणाल्या. त्यानं पतपेढीत बिल दिलं, काम झालं म्हणून सही केली. आठ दिवसांचे पंधरा झाले, पंधराचा महिना झाला. एकदा तो त्या गल्लीतून गेलाही होता, पण डबा बरोबर नव्हता. मग तो विसरला. विसरण्यासारखीच गोष्ट होती ती; सगळं सुरळीत चाललं असतं तर कुणाच्या बापाला कळली नसती.

दोन वर्षांनी बुटाचा कारखाना रातोरात बंद पडला, बाईंचं चार महिन्यांचं बिल बुडवून. हप्ते थकले. पतपेढीची माणसं टेम्पो घेऊन आली आणि अक्षरं बघून खिडकीजवळचं मशीन उचलू लागली. बाईंनी सांगून पाहिलं की तुमचं ते नव्हे, ते भिंतीजवळचं न्या, हे माझ्या वडिलांचं आहे. माणसं म्हणाली की, आम्हाला वाचता येतं. पुढे बाई ऑफिसात गेल्या, नंबर ताडून बघितले गेले आणि प्रकरण अंगलटच आलं. अक्षरं मुद्दाम दुसरीकडे लिहून घेतली, खरं तारण लपवलं, असा अर्थ निघाला. टेम्पो पुन्हा आला. भिंतीजवळचंही गेलं, आणि खिडकीजवळचं दंडापोटी गोदामात अडकून राहिलं. आठ दिवसांनी लिलाव.

तेव्हा बाई पेंटरकडे आल्या होत्या. फार काही मागायला नव्हे. दोन ओळी लिहून द्या, म्हणाल्या. की अक्षरं जुन्यावर काढली ती तुमच्या-माझ्या बोलण्यातून, आणि नंतर बदलून देणार होतात. म्हणजे वडिलांचं तरी मशीन परत मिळेल; त्याच्यावर मी पुन्हा उभी राहीन.

त्या आठवड्यात पेंटरची फाईल पतपेढीत होती. छपाईच्या मशीनसाठी. हातानं पाट्या रंगवण्याचा धंदा बसत चालला होता, चार पाट्यांमागे तीन छापीलच लागत होत्या, आणि हे कर्ज मिळालं नाही तर ब्रश घेऊन उपाशी बसायची वेळ येणार हे त्याला स्वच्छ दिसत होतं. दोन ओळी लिहून द्यायच्या म्हणजे, मी खोट्या कामाचं बिल घेतलं आणि खोटी सही केली, असं कबूल करायचं. अशा माणसाला कोण कर्ज देणार? दगडाखाली हात होता. तो म्हणाला, "नाही आठवत, बाई. रोज दहा-दहा मशिनं रंगवतो मी."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. रागानं नव्हे. बघतात तसं बघितलं आणि "बरं" म्हणाल्या. जाताना दार आवाज न करता लोटून घेतलं.

ते "बरं" मात्र गेलं नाही. त्यांनी शिव्या दिल्या असत्या, शाप दिला असता, तर पेंटरनं तो झटकून टाकला असता; शाप खाऊन पचवणारी माणसं त्यानं ढिगानं बघितली होती. "बरं"चं काय करायचं? छपाईचं मशीन आलं, धंदा वाढला, मुलीचं लग्न झालं, दुकानाला काचेचं दार बसलं. पण रोज मशीन सुरू केलं की त्याच्या सरकण्याखाली आणखी एक आवाज त्याला ऐकू यायचा. खट्, आणि मग पुठ्ठा ओढल्यासारखं सर्र. खट्, सर्र. मेकॅनिकला त्यानं दोनदा बोलावलं. मेकॅनिकनं कान लावून ऐकलं, तेलपाणी केलं, पैसे घेतले आणि मशीनला काही झालेलं नाही म्हणून सांगितलं.

आणि आतली भिंत. बाईंकडे जायच्या त्या सकाळी नवा ब्रश घेतला होता, तो त्यानं दुकानाच्या आतल्या भिंतीवर चालवून बघितला होता. 'तारण' एवढाच शब्द, हातभर. पुढे त्यावर चुना मारला. सहा महिन्यांत अक्षरं गुलाबी होऊन वर आली. लाल रंगाची ही खोड जुनी, पांढऱ्याखालून तो वर येतोच, आणि त्यावरचा इलाज पेंटरला पाठ होता. त्यानं भिंत खरवडली, लाखेचा हात दिला, वर दोन हात ऑइलपेंट मारला. वर्ष बरं गेलं. मग एका दुपारी ऊन तिरकं आत आलं तेव्हा 'त'चा काना दिसला. बायको म्हणायची, ओल आहे हो. पेंटर मान हलवायचा. इतरांच्या भिंतींवरचा रंग त्यानं जन्मभर दाबला होता, एवढी एक भिंत काही त्याला दबत नव्हती.

मॅडम गेल्यावर तो दुकानात आला आणि खडूच्या चौकोनाजवळ उभा राहिला. बायको कप गोळा करत होती. ती कामाची बाई होती, बोलायची कमी. दुकानाचा हिशेब, गिऱ्हाइकांचे फोन, सगळं तिच्याच अंगावर होतं.

"दुसऱ्यांदा नाही आठवत म्हणालात," ती म्हणाली.

पेंटरनं वळून बघितलं.

"पहिल्यांदा म्हणालात तेव्हा मी आत होते. पडद्यामागं. पीठ मळत होते."

"नऊ वर्षं बोलली नाहीस कधी."

"काय बोलू? तुमच्या त्या 'नाही'वर माझी पण भाकरी भाजली गेली." तिनं कप मोरीत ठेवले आणि नळ सोडला. "तेव्हा खायचे वांधे होते, म्हणून मी गप्प बसले. आज काय आहे? आज दहा फुटी मशीन पाहिजे, एवढंच ना?"

तिनं कप धुऊन पालथे घातले आणि ती मागं निघून गेली. पेंटरनं चप्पल घातली.

गंजी गल्ली फार लांब नव्हती, पंधरा मिनिटांची वाट. नऊ वर्षं तो त्या बाजूनं जायचं टाळत आला होता. कारखान्यांकडे जायचं तर मोठ्या रस्त्यानं वळसा घालायचा आणि पेट्रोल जाळायचा. बाईंची खोली तशीच होती. दार उघडं. बाई जमिनीवर बसल्या होत्या आणि लोखंडी पट्टी धरून सुरीनं पुठ्ठा कापत होत्या. कापून झाला की चमच्याच्या पाठीनं त्यावर घडीची रेघ दाबायच्या, पुठ्ठा दुमडायचा, बाजूला ठेवायचा. मग पुढचा. पूर्वी मशीन एका खटक्यात करायचं ते काम त्या नऊ वर्षं चमच्यानं करत होत्या. केस पिकले होते. उजव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती.

"या, पेंटर," त्या म्हणाल्या. जसा काही तो कालच येऊन गेला होता.

पेंटर आत शिरला. खोलीत खोक्यांच्या थप्प्या छताला टेकल्या होत्या. पाय ठेवायला जागा नव्हती. फक्त खिडकीजवळ चार-पाच फूट फरशी मोकळी होती, म्हणून तो तिकडे निघाला. बाईंच्या हातातली सुरी थांबली. पेंटरनं खाली बघितलं. फरशीतून लोखंडाचे चार गंजके बोल्ट वर आले होते आणि मधली फरशी बाकीच्या फरशीपेक्षा उजळ होती. त्यानं पाय मागं घेतला. सुरी पुन्हा चालू लागली.

तेवढ्यात शेजारची बाई तयार खोकी न्यायला आली. दोन्ही हातांत हनुवटीपर्यंत थप्पी घेऊन ती निघाली, समोरचं तिला काही दिसत नव्हतं, आणि तरी त्या मोकळ्या जागेपाशी येताच तिनं अंग चोरलं, वळसा घातला आणि दारातून बाहेर पडली. इतकी जागा मोकळी, आणि सगळी खोली त्या जागेला धक्का लागू नये म्हणून दाटीवाटीनं उभी होती.

तो भिंतीला टेकून बसला. काय बोलावं ते येतानाच ठरवलं होतं, त्यातलं काही तोंडातून येईना. शेवटी त्यानं मॅडम आल्याचं सांगितलं, तुमचा अर्ज उद्या आहे म्हणाला, शेऱ्याबद्दल विचारत होत्या म्हणाला.

"हो, मला पण विचारलं," बाई म्हणाल्या. "मी अर्जातच लिहून दिलंय. जुन्यावर लिहा असं मीच सांगितलं होतं, चूक माझी. तुमचं नाव नाही घातलं त्यात."

"का?"

"तुमचं तेव्हा नुकतं कुठं उभं राहत होतं. आता चांगलं चाललंय म्हणतात. कशाला उगाच." त्यांनी चमचा दाबून ओढला. सर्र आवाज झाला. "नाही तर नाही मिळणार. एवढी वर्षं कुठं मिळालं होतं? कारखानेवाले येतात, हजार खोकी पाहिजेत म्हणतात. हाताकडे बघतात आणि जातात."

पेंटरनं त्यांच्या चिंधी बांधलेल्या अंगठ्याकडे बघितलं.

"मी आठ दिवसांनी येतो म्हणालो होतो," तो म्हणाला.

बाईंनी चमचा खाली ठेवला.

"म्हणजे आठवतं तुम्हाला."

"आठवतं. पहिल्यापासून आठवतं."

खिडकीतून येणारं ऊन त्या मोकळ्या फरशीवर पडलं होतं आणि त्यात पुठ्ठ्याची भुकटी तरंगत होती. आता बाई "बरं" म्हणतील असं पेंटरला वाटलं. पण त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी पदराच्या टोकानं डोळे कोरडे केले, अगदी घाम पुसल्यासारखे, आणि म्हणाल्या, "मला वाटायचं, खरंच विसरला असाल. विसरला असाल तर माणसाचा काय दोष, असं म्हणून मी सोडून दिलं होतं."

पेंटरनं कागद मागितला. खोलीत कागद नव्हता, पांढरा पुठ्ठा होता. त्यानं बुटाच्या खोक्याचं एक झाकण घेतलं आणि गुडघ्यावर ठेवून पेननं लिहिलं. अक्षरं मी काढली. मीच बदलून देतो म्हणालो आणि दिली नाहीत. काम पुरं झाल्याची सही खोटी आहे. बाईंनी मला लिहून मागितलं तेव्हा मला सगळं आठवत होतं. शेवटचं वाक्य लिहायची कुणी सक्ती केली नव्हती, पण ते लिहिल्याशिवाय हात थांबेना. खाली सही, तारीख.

ऑफिसात पोचला तेव्हा पाचला दहा कमी होते. मॅडमनी ते झाकण दोनदा वाचलं. दार लावून घेतलं.

"काका, याचा अर्थ कळतोय ना? हे फाईलला लागलं की तुमचं कर्ज होणार नाही. उद्याच काय, पुढेही अवघड आहे."

"कळतोय."

मॅडम आवाज उतरवून म्हणाल्या, "परवा आणून देता का? तोवर तुमची मंजुरी होऊन जाईल. बाईंचा अर्ज परत जाईल, पण सहा महिन्यांनी त्यांना पुन्हा करता येतो."

वाईट नव्हत्या त्या. दोघांचंही व्हावं असं त्यांना मनापासून वाटत होतं. पेंटरला मोह झाला नाही म्हटलं तर ते खोटं ठरेल. परवा म्हणजे कितीसं लांब? पण आठ दिवस म्हणजे किती असतात, हे त्याला एवढ्यात कळलं होतं.

"नको, मॅडम. आजच ठेवा," तो म्हणाला.

पेंटरची फाईल दुसऱ्या दिवशी दुपारीच परत आली. त्याच्या मागोमाग पतपेढीची छपाईची कामंही बंद झाली. दर महिन्याला ठरलेली असायची ती. बायकोनं ओलं फडकं घेऊन खडूचा चौकोन पुसला आणि त्या जागी छपाईच्या कापडाचे रोल रचले. पेंटर मदतीला गेला तर म्हणाली, "राहू द्या, हलके आहेत."

बाईंना कर्ज मिळालं. मागितलं होतं त्याच्या निम्मं, पण मिळालं. महिनाभरानं त्यांचा निरोप आला की, मशीन आलंय, अक्षरं काढायला या. आता पतपेढी छापील चिकटपट्टी देते, रंगवायची पद्धत गेली, असं पेंटरनं कळवलं. बाईंनी उलट निरोप धाडला की, ते मला माहीत आहे, तुम्ही या.

त्यानं माळ्यावरून ब्रश काढले. कडक झालेले केस रॉकेलमध्ये दोन दिवस भिजत ठेवले, त्यातला एक कामाचा निघाला. लाल रंग नवीन आणला. आतल्या भिंतीवर ब्रश चालवून बघायला गेला, तर मधे पाऊसबिऊस काही झाला नसतानाही जुनी अक्षरं आणखी थोडी वर आली होती. त्यानं ती वाचली आणि ब्रश वर्तमानपत्रावर चालवून बघितला.

बाईंकडे मशीन भिंतीजवळ बसवलेलं होतं, करड्या रंगाचं, लहानसं. समोर हजारभर पुठ्ठे कापायचे पडले होते. ऑर्डर परवाची आहे, बाई म्हणाल्या. पण मशीन बंद होतं.

"सुकायला पाच तास लागतील," पेंटर म्हणाला.

"लागू द्या. आज बंदच ठेवलंय."

त्यानं गुडघे टेकले, फडक्यानं पत्रा पुसला आणि नंबराची पट्टी शोधली. कर्जाच्या कागदावरचा नंबर आणि पट्टीवरचा नंबर बोट ठेवून ताडून बघितला. एकदा, दोनदा, तीनदा. बाई बघत होत्या, हसल्या नाहीत. मग त्यानं पांढरी पट्टी मारली आणि अक्षरं काढायला घेतली. 'त' जरा कलला. पूर्वी त्यानं असलं अक्षर पुसून पुन्हा काढलं असतं, पण आता राहू दिलं.

काम झाल्यावर तो कमरेला हात देऊन उठला. खिडकीतून चांगला उजेड येत होता, आणि भिंतीजवळ मात्र अंधारल्यासारखं होतं. त्याला राहवलं नाही.

"बाई, मशीन खिडकीजवळ का नाही घेतलं? उजेड आहे. बोल्ट पण आहेत."

"तिथं वडिलांचं आहे," बाई म्हणाल्या.

पेंटरनं तिकडे बघितलं. फरशी उजळ होती, बोल्टांवर कुणीतरी तेलाचा हात फिरवला होता. त्यानं ब्रश पुसून पिशवीत ठेवले, डब्याचं झाकण दाबून बसवलं आणि येतो म्हणाला. दाराकडे जायची सरळ वाट खिडकीजवळून होती. तिथवर आल्यावर त्यानं खांद्यावरची पिशवी कशाला लागू नये म्हणून पोटाशी धरली, अंग चोरून त्या मोकळ्या जागेला वळसा घातला, आणि बाहेर पडला.